बसू मंग?

आमच्या गावातली माणसं बाजाराला निघाली की डोक्यावर टोपली घेत, पाटी घेत, धानाचं पोतं घेत. माझी गिरजाआत्या डोक्यावर खुर्ची घेऊन निघायची.

खुर्ची जुन्या सागवानाची, रुंद, दोन्ही बाजूंना हात असलेली. तिचं मूळचं वेताचं विणकाम कधीच तुटलं होतं, तिथे आत्यानं स्वतः सुतळी विणली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उलटी खुर्ची आणि खुर्चीचे चारही पाय आभाळाकडे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येताना ती लांबून मोठ्या शिंगांच्या सांबरासारखी दिसायची. एकदा वनखात्याचा नवा गार्ड संध्याकाळच्या उजेडात तिला पाहून सायकलवरून उतरला आणि झाडाआड जाऊन उभा राहिला, असं सांगतात. आत्या त्याच्यापाशी आली, खुर्ची उतरवली, मांडली, आरामात बसली आणि म्हणाली, "काऊन गा, दम लागला का?"

कुठेही गेली की तिची एक ठरलेली रीत होती. खुर्ची मांडायची, जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवायची आणि विचारायचं, "बसू मंग?" उत्तर येईपर्यंत ती बसलेली असायची. एखादा नवखा माणूस भिडेनं "बसा ना बाई" म्हणायचा. त्याच्याकडे आत्या अशी बघायची, की तुले कोणी इचारलं?

आता हे असं का, ते सांगतो. आमची वस्ती ब्रह्मपुरीच्या बाजूला, वैनगंगेच्या धानपट्ट्यातली. जुन्या काळी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारात आमच्या माणसानं जमिनीच्या वर बसायचं नाही, असा रिवाज होता. पुढे आमचे लोक बौद्ध झाले, मालगुजारीही गेली. कायदा बदलला, पण गुडघ्यांची सवय बदलत नाही. गावात सभा असली की आमची माणसं आपणहून ताडपत्रीच्या कोपऱ्यात जायची आणि पाय आवळून बसायची. कोणी सांगायचं नाही, तरीही. आत्याला याचा भयंकर राग. ती म्हणायची, "जमीन चांगली हाये. पण रोवणीसाठी. माणसासमोर मी जमिनीवर बसत नाई."

आणि खरंच बसत नसे. घरात जेवायची तीसुद्धा खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. पंचाईत व्हायची ती विहारात. बुद्धासमोर खुर्ची मांडणं तिला बरं वाटेना, आणि जमिनीवर तर बसायचं नव्हतं. मग वंदना संपेपर्यंत ती मागे भिंतीशी हात जोडून उभी राहायची. वंदनेनंतर भाषणं असली तर तीही उभ्यानंच ऐकायची आणि भाषण लांबलं की वक्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "बाप्पा, माहे पाय दुखून राह्यले."

खुर्ची आणली कुठून, यावर गावात बरीच मतं होती. कोणी म्हणे जंगलखात्याच्या लिलावातली, कोणी म्हणे एखाद्या गोऱ्या साहेबाची. तिला विचारलं तर एकच उत्तर मिळायचं. "चोरीची नाई. फेकलेली हाये." पुढे तोंड बंद.

एसटीच्या कंडक्टरशी तिचं भांडण तर आमच्या रस्त्यावर प्रसिद्ध होतं.

"बाई, खुर्चीचं लगेज पडंल."

"पडू दे. मंग खुर्चीले सीट दे."

"सीट कुठून देऊ? तुम्हालेच जागा नाई."

आत्यानं गर्दीतल्या मधल्या वाटेत खुर्ची मांडली, चारी बाजूंना पाहिलं, "बसू मंग?" म्हणाली आणि बसली. "आता सांग. इचं तिकीट घेतं का माहं? दोघी एकाच जागेवर हाओ." सगळी गाडी तिच्या बाजूनं. कंडक्टरनं कपाळ चोळलं आणि एकच तिकीट फाडलं. पुढे पुढे तोच दारात उभा राहून ओरडायचा, "सरका मागं! खुर्चीबाई आली!"

गडचिरोली नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमच्या घराण्यात कचेरीत खुर्चीवर बसणारा मी पहिला. ती खुर्ची मला मिळाली ती या बाईमुळे. वडील लवकर गेले. आत्या बालपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. माझ्या शिक्षणासाठी तिनं दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणी केली, मोह वेचला, तेंदूपानं तोडली. आजही माझ्या पदवीच्या कागदावर स्वतःचं नाव वाचताना मला तिच्या चिखलानं भेगाळलेल्या टाचा दिसतात.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नाव घालायला मी तिच्याबरोबरच गेलो होतो. प्राचार्यांच्या खोलीत मी मान खाली घालून उभा. आत्यानं टेबलासमोर आपली खुर्ची मांडली. "बसू मंग?" प्राचार्य भला माणूस, तो गडबडीनं स्वतःच उठून उभा राहिला. आत्या त्यांना म्हणाली, "तुमी बी बसा." मग माझ्याकडे वळून, "तू काऊन उभा? ते दुसरी खुर्ची कोणासाठी ठेवली हाये?" मी बसलो. कुठल्या साहेबासमोर बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. खुर्चीच्या अगदी काठावर बसलो होतो, हेही सांगतो. आत्यानं पाठीत बोट खुपसलं, तेव्हा मागे टेकलो.

रोवणी कशी करतात, हे शहरातल्या वाचकाला माहीत नसेल. रोवणीची बाई पुढे पाहत पुढे जात नाही. कमरेत वाकून, चिखलात रोपं लावत ती मागे मागे सरकते. लावलेलं हिरवं समोर दिसत राहतं, जायचं ठिकाण मात्र पाठीमागे. आत्या रांगेत सगळ्यांत पुढे, म्हणजे खरं तर सगळ्यांत मागे असायची. नव्या पोरी धुरा किती लांब राहिला म्हणून वळून वळून बघत. त्यांना ती म्हणायची, "पाहू नको व माय. मागं सरून बी माणूस धुऱ्याले पोचते."

या रोवणीनंच शेवटी तिचे गुडघे खाल्ले. उभं राहणं जमेना, चालणं संपलं. वाटलं, आता तरी खुर्ची कोपऱ्यात जाईल. आत्यानं बैलबंडीत बसून ती ब्रह्मपुरीला गफूरभाईच्या सायकल दुकानात नेली. "इले चाकं लाव," म्हणाली.

गफूरभाईनं मागे लहान मुलाच्या सायकलची दोन चाकं लावली, पुढे कुठल्याशा ढकलगाडीची दोन बुटकी चाकं. ढकलायला मागे सायकलचं हँडल. आत्यानं पाहणी करून विचारलं, "घंटी?"

"बाई, खुर्चीले घंटी?"

"मंग लोक सरकन कशे?"

खुर्चीच्या उजव्या हातावर घंटी बसली. तिथे लाकडात एक कमळ कोरलेलं होतं, त्याची एक पाकळी तुटलेली. गफूरभाई तिथेच स्क्रू मारायला निघाला, तर आत्या त्याच्या अंगावर ओरडली. "फुलाले हात लावू नको!" त्यानं घंटी दोन बोटं पुढे लावली. इतक्या खडबडीत बाईला एका मोडक्या फुलाचं काय एवढं, असं तेव्हा वाटलं आणि मी विसरून गेलो.

एवढ्यात मुंबईहून तार आली.

माझे धाकटे काका सुदाम, आत्याचा सगळ्यांत लहान भाऊ, मुंबईला असत. गोदीत काम करून तिथेच म्हातारे झाले. पोरवयात मालगुजाराच्या माणसांनी त्यांना सगळ्या गावासमोर मारलं होतं आणि त्याच दिवशी ते गावातून निघून गेले, एवढंच मला ठाऊक होतं. का मारलं, ते घरात कोणी बोलत नसे. त्या गावची धूळ पायाला लागू देणार नाही, असं ते म्हणून गेले आणि तसेच वागले. आत्याही कधी मुंबईला गेली नाही. विषय काढला की म्हणायची, "थो लहान हाये. थोच येईन." दोघंही एकाच मातीचे.

तार काकांच्या मुलाची होती. बाबा दवाखान्यात, प्रकृती गंभीर, लवकर या.

मी तार वाचून दाखवली. आत्यानं घंटीवर नुसतं बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबू, थो वाट पाहीन का?"

रेल्वेच्या उंच डब्यात तिला चढवणं, रात्रभराचा प्रवास, त्यात आरक्षण मिळेना. मी विमानाचं ठरवलं. माझ्या पगाराला ते शोभत नव्हतं, पण ज्या बाईनं मला खुर्चीत बसवलं तिच्यासाठी एवढं करायला नको? गावात बातमी पसरली.

"गिरजाबाई उडून जाऊन राह्यली!"

"खुर्चीसकट?"

"मंग! गफूरभाईनं पंख लावले असन."

विमान मीही कधी जवळून पाहिलं नव्हतं. नागपूरच्या विमानतळावर मी इस्त्रीचा शर्ट घालून, घाम पुसत आत्याला ढकलत आत शिरलो. फरशी अशी गुळगुळीत की खुर्ची आपोआप पळायला लागली. आत्यानं घंटी वाजवली. सुटाबुटातली माणसं खरोखरच सरकली. आत्या मागे न वळताच म्हणाली, "पाह्यलं? गफूरले सांग."

खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्यानं खुर्ची वरून खाली बघितली. "मावशी, हे सामानात टाकावं लागेल. तुम्हाला आमची व्हीलचेअर देतो. चांगली आहे, नवी आहे."

"असन. पण ते तुही हाये."

"अहो, सगळे त्यातच बसतात."

"सगळे बसू दे. मी माह्या खुर्चीत जातो."

"ही विमानात नेता येत नाही, मावशी. नियम आहे."

"मंग मले बी नेऊ नको."

मागे रांग वाढली. विमानतळावरची रांग ओरडत नाही, नुसती घड्याळं बघते. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. मी खाली वाकून आत्याच्या कानाशी म्हणालो, "आत्या, खुर्ची इथी ठेवून जाऊ. तिथी दुसरी भेटंल. सुदामकाका वाट पाहून राह्यले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, दुसरंच काही होतं. "खुर्चीशिवाय मी सुदामपाशी जात नाई," ती म्हणाली. "समजलं?"

मला काही समजलं नाही. पण तिनं तडजोड काढली. खुर्ची विमानाच्या पोटात जाऊ दे, पण शिडीपर्यंत ती तिच्यातच बसून जाणार आणि खुर्ची आत चढताना स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. अधिकाऱ्यानं रांगेकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, सहज म्हणून एकदा घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "चला."

खरी गोष्ट पुढे झाली. विमानाला लावलेली लोखंडी शिडी चांगलीच उंच होती. आत्याला उचलून वर न्यायला चार हमाल पुढे आले. आत्यानं घंटी जोरात वाजवली.

"दूर व्हा. चार जणायनं उचलाले मी अजून मेली नाई."

हमाल हसले. अधिकारी हसला नाही. "मग वर कशा जाणार, मावशी?"

आत्यानं शिडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. खालच्या पायरीवर हाताची थाप मारून पाहिली. "हे काही जमीन नोहे," ती स्वतःशीच म्हणाली, "हे निसनी होय." मग हमालांकडे, अधिकाऱ्याकडे, मागे ब्रीफकेसा धरून उभ्या असलेल्या प्रवाशांकडे पाहून तिनं विचारलं, "बसू मंग?"

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती पायरीवर बसली, विमानाकडे पाठ करून. दोन्ही तळहात वरच्या पायरीवर टेकवले, अंग उचललं आणि मागे सरकून वर बसली. मग पुढची पायरी. लुगडं एका हातानं घोट्याशी नीट करायची, हात टेकवायची, उचलायची, सरकायची. ना घाई, ना धाप दाखवणं. मी तिच्या पायाशी एकेक पायरी चढत होतो आणि हात पुढे केला की ती नुसती नजरेनं खाली करायला लावत होती.

खालून कोणीतरी म्हणालं, "अरे, उचला ना त्यांना. उशीर होतोय."

आत्या वरून म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे तोंड करून चाललो मी. पाठ नाई दाखवली. जरासे थांबा."

तो गृहस्थ थांबला. सगळेच थांबले. खाली दोन हमाल खुर्ची विमानाच्या पोटाशी नेत होते आणि आत्याला, मागे सरकत चढत असल्यामुळे, ती सबंध वेळ समोर दिसत होती. खुर्ची आत जाताना तिचं चाक दाराला घासलं. "हळू रे!" आत्या ओरडली. खुर्ची आत गेली, दिसेनाशी झाली, तेव्हाच तिनं पुढच्या पायरीवर हात टेकवला.

वर दारात हवाई सुंदरी हात पुढे करून उभी होती. आत्या म्हणाली, "हात नको, बाई. जागा दे." आणि शेवटची पायरी सरकून ती विमानाच्या आत पोचली. खालून एका हमालानं तोंडाशी हात धरून हाक दिली. तो आमच्याच धानपट्ट्यातला असणार.

"वा व बाई! अख्खी बांधी रोवली!"

"तुहा गाव कोणता रे?" आत्यानं वरूनच विचारलं. पण तेवढ्यात मागचे लोक चढायला लागले.

आत पट्टा बांधताना थोडी कुरबूर झाली. "बांधून काऊन ठेवतं? मी पळून जाऊन राह्यलो का?" विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आत्यानं खिडकीतून ढगांकडे एकदा पाहिलं, "कापूस साजरा पिकला," म्हणाली आणि खिडकी सोडून दिली. नंतर प्रवासभर तिनं मला एकच गोष्ट विचारली, पुन्हा पुन्हा. "खुर्ची खालीच हाये ना, बाबू?"

मुंबईत खुर्ची मिळाली ती एक चाक वाकडं होऊन. टॅक्सीच्या टपावर आम्ही ती उलटी बांधली. चारही पाय पुन्हा आभाळाकडे.

दवाखान्याच्या मोठ्या वॉर्डात काका खाटेवर पडले होते. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. त्यांचा मुलगा उशाशी उभा होता. वाकड्या चाकाची खुर्ची खडखडत आत आली तसे आजूबाजूचे रुग्ण माना वळवून बघू लागले. मी आत्याला खाटेशी नेलं. भावाबहिणीनं एकमेकांना बघितलं.

"केस पिकले तुहे," आत्या म्हणाली.

"तुहे काळे हायेत का?" काका म्हणाले. आवाज क्षीण, पण ताठा आमच्या घरचाच.

मग त्यांची नजर खाली आली. खुर्चीच्या उजव्या हातावर त्यांनी बोटं फिरवली, घंटीच्या मागे, त्या तुटक्या पाकळीच्या कमळावर. बोटं तिथेच थांबली.

"बाई... हे तेच का?"

"तेच," आत्या म्हणाली. "तुह्या बसल्यानं बाटली म्हणून त्यायनं गोठ्यामागं फेकली होती. आपण बुद्ध झालो त्या साली जाऊन उचलून आणली. कोणाले इचारलं नाई."

काका माझ्याकडे बघून, थांबत थांबत सांगू लागले. मालगुजाराच्या घरी लग्न होतं. मांडवात खुर्च्या वाहून न्यायला बहीण-भावाला लावलं होतं. सकाळपासून पाय मोडले. "मी इले इचारलं, बाई, बसू मंग? जरासा? हे म्हणे..."

"मीच म्हटलं बस म्हणून," आत्या म्हणाली. साऱ्या गावाला, एसटीला, विमानाला पुरून उरलेला तो आवाज. तो असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "कोणी नाई पाहत, बस, असं म्हटलं. मंग तुले मारलं. मी उभी होतो तिथी. तुह्यासमोर कोणतं तोंड घेऊन येऊ?"

काकांनी कमळावरून पुन्हा बोट फिरवलं. "मंग?" ते म्हणाले. "काय खोटं म्हटलं होतं का?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मग मला म्हणाली, "बाबू, मले उतरव."

मी स्टूल शोधू लागलो.

"स्टूल नको. खाली."

माझ्या हाताला धरून ती उतरली आणि वॉर्डच्या फरशीवर बसली. एवढ्या सगळ्या माणसांसमोर. माझ्या आयुष्यात मी तिला जमिनीवर बसलेली पहिल्यांदा पाहिली. रिकामी खुर्ची तिनं स्वतःच खाटेकडे सरकवली आणि वाकडं चाक हातानं घट्ट धरून ठेवलं.

काकांचा मुलगा आणि मी, आम्ही दोघांनी काकांना खाटेवरून उठवलं. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते अर्ध्यावर थांबले. त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. नर्स, वॉर्डबॉय, खाटांवरून बघणारे रुग्ण, सगळ्यांवरून.

"बसू मंग?" त्यांनी विचारलं.

"बस," आत्या खालून म्हणाली. "आता कोण उठवते तुले, पाहतो मी."